एका खुर्चीचा हिशेब

नकाशा समोर पसरा आणि त्यावर पट्टी ठेवा. एक टोक पुण्याच्या लोहगाव विमानतळावर, दुसरं आग्र्याच्या विमानतळावर. आता सरळ रेघ ओढा. ही रेघ शिर्डीच्या अंगावरून जाते, कोपरगावपाशी गोदावरी ओलांडते, चाळीसगाव उजव्या हाताला ठेवते, पारोळ्याच्या शेजारून निघते आणि अमळनेरच्या माथ्यावर येते. डावीकडे तीसेक किलोमीटरवर धुळं, उजवीकडे पन्नासेक किलोमीटरवर जळगाव. पुढे तापी, चोपडा, सातपुडा, आणि मग माळव्यावरून थेट आग्रा.

खानदेशी माणसाला जमिनीवरचा आग्रा रोड चांगला ठाऊक आहे. तो धुळ्याच्या भर बाजारपेठेतून जातो. आभाळातला आग्रा रोड मात्र अमळनेरवरून जातो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एके काळी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांची ठाणी होती. आज याच रस्त्याने आपण मागे जाणार आहोत. पहिलं उड्डाण कल्पनेतलं आहे. रस्ता, विमान आणि विमानातली तुमची जागा मात्र खरी आहे.

सप्टेंबर १९६५, लोहगाव

उजाडायला थोडा अवकाश आहे. धावपट्टीच्या कडेचं गवत पावसाने भिजलेलं. तुमच्या मांडीवरच्या खिशात पेन्सिली आहेत, हातात घडी घातलेले नकाशे. तुम्ही नॅव्हिगेटर आहात. रस्ता दाखवणं आणि लक्ष्यावर बॉम्ब सोडणं ही दोन्ही कामं तुमचीच.

याच धावपट्टीवरून १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा गोव्याकडे निघाली होती. दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी काही मिनिटांत ६३ हजार पौंडांचे बॉम्ब टाकले आणि सगळी विमानं सुखरूप परतली. त्या दिवसाच्या गोष्टी मेसमध्ये अजून निघतात. पण या सप्टेंबरात लढाई पाकिस्तानशी आहे आणि समोरच्याकडे रडार आहे, क्षेपणास्त्रं आहेत.

विमानाच्या उजव्या अंगाला एक छोटं दार आहे. तुम्ही वाकून त्यातून आत शिरता. वैमानिक तुमच्या वर, डाव्या बाजूला, लढाऊ विमानाला असतो तशा काचेच्या घुमटाखाली बसतो. हा घुमट विमानाच्या मध्यावर नाही, मुद्दाम डावीकडे सरकवलेला आहे. तुम्ही त्याच्या पायांच्या पातळीला, पुढे. समोर नकाशा ठेवायला अरुंद टेबल, उपकरणं, आणि त्यांच्याही पुढे विमानाच्या अगदी टोकाला काच. बॉम्ब टाकायची वेळ आली की सरपटत तिथे जायचं, पोटावर पालथं पडायचं आणि खालची जमीन बघत बोलत राहायचं. वैमानिकाचा चेहरा तुम्हाला दिसत नाही. कानावरच्या यंत्रातून येणारा आवाज तेवढा तुमच्या ओळखीचा.

काडतुसाचा बार उडाल्यासारखा आवाज होतो, काळा धूर निघतो आणि पहिलं एव्हॉन इंजिन जागं होतं. मग दुसरं. धावपट्टी तुमच्या डोळ्यांपुढून ओढली जाते आणि भीमा केव्हा ओलांडली ते कळतही नाही.

आजचा सराव खालून उडण्याचा आहे. शत्रूच्या रडारला चुकवायचं तर जमिनीलगत राहावं लागतं. मिनिटाला बारा किलोमीटर, म्हणजे पुण्याहून अमळनेर पंचवीस मिनिटांत. एवढ्या वेगात नकाशा वाचायचा तर गावं शोधून चालत नाही, नद्या आणि रूळ शोधावे लागतात. नॅव्हिगेटरसाठी खानदेश फार मोलाचा मुलूख आहे. सातमाळ्याचे डोंगर सरले की मुंबई–भुसावळ मार्गाचे रूळ येतात. पाठोपाठ गिरणा. मग चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा. मग बोरीचं पात्र, अमळनेर, आणि सुरतेहून भुसावळकडे जाणारा ताप्ती व्हॅलीचा मार्ग. प्रत्येक रूळ तुमच्या रेघेला आडवा येतो आणि सांगतो की तुम्ही बरोबर आहात.

"नॅव, पुढे काय?"

"सर, एका मिनिटात अमळनेर. गिरणीच्या चिमण्या उजवीकडे ठेवा. त्यानंतर दीड मिनिटाने तापी."

प्रताप मिलची चिमणी झर्रकन मागे जाते. कपाशीची शेतं, ज्वारी, बैलगाडीवर उभा राहून वर बघणारा माणूस. मग तापी येते, पावसाळ्याच्या शेवटाची, गढूळ आणि रुंद. हतनूरचं धरण अजून झालेलं नाही, त्यामुळे पूर्णेचं पाणी चांगदेवपाशी घेऊन ती मोकळी वाहते आहे. समोर सातपुड्याची भिंत दिसू लागते. तुम्ही उंची सांगता, विमान वर चढतं.

या एवढ्या वेळात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. वैमानिक बसला आहे ती खुर्ची मार्टिन-बेकर कंपनीची आहे. संकटात त्याने दोर ओढला की वरची काच उडते आणि स्फोटाच्या जोराने ती खुर्ची त्याला घेऊन आभाळात फेकली जाते. तुमच्या खाली तशी खुर्ची नाही.

कारण तांत्रिक आहे. अशी खुर्ची बसवायची तर तिच्या माथ्यावर मोकळी वाट लागते. कॅनबेराच्या आधीच्या बॉम्बफेकी नमुन्यात नॅव्हिगेटर वैमानिकाच्या मागे बसत आणि त्यांच्या डोक्यावरचं छत उडवता येत असे. खालून उडून रात्री हल्ले करण्यासाठी बी(आय)८ हा नमुना आखला गेला तेव्हा वैमानिकाला चौफेर दिसावं म्हणून पुढचा सगळा भाग बदलला आणि नॅव्हिगेटरला पुढच्या टोकात हलवलं. त्याच्या डोक्यावर विमानाचा सांगाडा आला. भारताने जानेवारी १९५७ मध्ये मागणी नोंदवली ती मुख्यतः याच नमुन्याची: ५४ बॉम्बफेकी, ८ छायाचित्रण करणारी आणि ६ प्रशिक्षणाची विमानं. बॉम्बफेकी विमानांना आपल्याकडे बी(आय)५८ म्हणत.

म्हणजे विमानाला आग लागली तर तुम्हाला उठायचं आहे, अंधारात आणि गरगरणाऱ्या विमानात त्या छोट्या दारापर्यंत जायचं आहे, दार उडवायचं आहे आणि पॅराशूट घेऊन बाहेर झोकून द्यायचं आहे. उंची भरपूर असेल आणि विमान सरळ उडत असेल तर जमेल. आता सातपुड्याकडे पाहा आणि मघाची उंची आठवा. त्या उंचीवर दारापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही.

हे ठाऊक असूनही तुम्ही रोज त्या दारातून आत जाता. तुमच्यासारखे पुण्यात, आग्र्यात, आणखीही तळांवर अनेक आहेत.

त्याच सकाळी, खाली

आता उतरा. तुम्ही अमळनेरजवळच्या एका गावात पारावर उभे आहात. कानात इंजिनांचा आवाज अजून घुमतो आहे. पूर्व खानदेशाचं जळगाव आणि पश्चिम खानदेशाचं धुळे होऊन चार-पाच वर्षं झाली, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुनीच नावं आहेत. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती माणसं गोळा झाली आहेत. जळगावला आकाशवाणी केंद्र नाही, बातम्या लांबून येतात आणि मधेच खरखरतात. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आहेत, आपला माणूस, म्हणून ऐकणाऱ्यांचे कान जास्तच टवकारलेले.

पाराच्या कडेला एक आजी बसली आहे. ती शेजारच्या पोराला विचारते, "रेडिओ काय सांगी राहिना रे भाऊ?"

तो शत्रूची किती विमानं पाडली ते सांगतो. आजी विचारते, "आन् आपला कितला इमान गयात?"

पोरगा आकडा सांगतो. ती थोडं थांबते. "आन् मानसे?"

"ते नई सांगं, माय."

या प्रवासात मला तुम्हाला नेमकं इथेच आणायचं होतं. विमानं मोजली जातात. हवाई युद्धाच्या प्रत्येक इतिहासात शेवटी तक्ता असतो: तारीख, विमानाचा प्रकार, कशाने पडलं. पण ते विमान पडलं तेव्हा आत किती जण होते, कोण कुठे बसला होता, बाहेर पडायची वाट कुणाला होती आणि कुणाला नव्हती, याचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. आजीचा प्रश्न घेऊन आपण आता पुढे-मागे जाऊ.

१० एप्रिल १९५९, रावळपिंडी

ईदचा दिवस. लढाई कुठेच चाललेली नाही. ४७ हजार फुटांहून उंच आभाळात एक भारतीय कॅनबेरा पाकिस्तानी प्रदेशाची छायाचित्रं घेत चाललं आहे. ते पीआर५७ या प्रकारातलं आहे, बॉम्ब न बाळगणारं. आत स्क्वाड्रन लीडर जे. सी. सेनगुप्ता आणि नॅव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट एस. एन. रामपाल आहेत. खालून दोन सेबर विमानं चढत येतात. एवढ्या उंचीवर सेबर पोचणार नाहीत असा अंदाज असतो, आणि बराच वेळ तो खराही ठरतो. पण कॅनबेरा वळताना जरा खाली येतं आणि सेबरच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडतं.

इथे तुम्ही फक्त एक गोष्ट पाहा. या छायाचित्रण करणाऱ्या नमुन्यात नॅव्हिगेटर वैमानिकाच्या मागे बसतो आणि त्याच्या खालीही बाहेर फेकणारी खुर्ची, म्हणजे इजेक्शन सीट, असते. सेनगुप्ता बाहेर फेकले जातात. रामपालही बाहेर फेकले जातात. दोघेही जखमी होतात, पकडले जातात आणि काही दिवसांनी भारतात परततात.

विमान एक गेलं, माणसं दोन परत आली.

१९४४, खडकी आणि इंग्लंड

आणखी मागे चला. लोहगावचा तळ ब्रिटिशांनी १९३९ मध्ये मुंबईच्या रक्षणासाठी बांधला. दुसऱ्या महायुद्धात तिथे वेलिंग्टन आणि मॉस्किटो ही बॉम्बफेकी विमानं असत. तिथून जवळच खडकीला युद्ध स्मशानभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथल्या कबरी इथे एकत्र आणल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांची विश्रांतीची जागा ती आहे आणि त्यांत हवाई दलाचे तरुणही आहेत. एकसारख्या दगडांच्या रांगेतून चालताना वयं वाचा. २०, २१, २३.

आता इंग्लंडला, हाय विकम गावाजवळच्या बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात. तिथे एक कोवळा गणिती काम करतो आहे, फ्रीमन डायसन. १९४३ साली तो इथे आला तेव्हा १९ वर्षांचा होता. पुढे तो जगातल्या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांत गणला गेला. आत्ता मात्र त्याच्यापुढे परत न आलेल्या विमानांचे कागद आहेत. लँकेस्टर हे ब्रिटिशांचं सर्वांत नावाजलेलं बॉम्बफेकी विमान, आत सात माणसं. ते वेगवान आहे, जास्त बॉम्ब नेतं, म्हणून सेनापतींचं लाडकं आहे.

पण डायसन आणि त्याचे सहकारी वेगळं काहीतरी मोजतात. विमान पाडलं गेल्यावर आतल्यांपैकी किती जण जिवंत बाहेर पडले? अमेरिकी विमानांतून सुमारे निम्मे. हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग या जुन्या ब्रिटिश विमानांतून साधारण २५ टक्के. लँकेस्टरमधून १५ टक्के.

एवढा फरक का? तुमच्या हातातली पट्टी घ्या आणि जमिनीवर २२ इंच मोजा. लँकेस्टरच्या बाहेर पडायच्या झडपेची रुंदी तेवढी होती. हॅलिफॅक्सची २४ इंच. थंडीपासून वाचवणारे जाड कपडे, वर पट्टे, पॅराशूट, अशा अवस्थेत, अंधारात, कोसळणाऱ्या विमानातून त्या २२ इंचांतून बाहेर पडायचं. त्या जागेशी खांदे लावून पाहा. दोन इंचांनी काय होतं हे तुम्हाला कुणी समजावायची गरज पडणार नाही. डायसनचा सहकारी माइक ओ'लॉकलिन झडप मोठी करा म्हणून दोन वर्षं भांडला. ती मोठी झाली तोवर युद्ध संपत आलं होतं.

बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख जणांनी उड्डाणं केली आणि त्यांतले ५५,५७३ मारले गेले. ज्यांचा देहही मिळाला नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर कोरलेली आहेत. या दलात भारतीयही होते. १९४० मध्ये ब्रिटनला पाठवलेल्या २४ भारतीय वैमानिकांपैकी शिवदेव सिंग यांनी स्टर्लिंग चालवलं. ते परत आले आणि पुढे भारतीय हवाई दलात एअर मार्शल झाले.

या खोलीतून बाहेर पडताना एक गोष्ट मनाशी पक्की करा. कोण वाचतो हे बऱ्याचदा आरेखनाच्या टेबलावर ठरलेलं असतं. शत्रूची गोळी त्यानंतर येते.

२१ सप्टेंबर १९६५, फाजिल्काच्या पलीकडे

परत त्याच सप्टेंबरात. पितृपक्ष चालू आहे. खानदेशात घरोघर पानं वाढली जात आहेत, खिरीचा आणि वड्यांचा वास आहे. अंधाऱ्या पंधरवड्यातली रात्र. शस्त्रसंधी व्हायला अजून दोन दिवस आहेत, २३ सप्टेंबरच्या पहाटे तोफा थांबतील. आज ते कुणालाच माहीत नाही.

एक भारतीय कॅनबेरा, बी(आय)५८, सरगोध्यावरच्या रात्रीच्या हल्ल्यानंतर परत येतं आहे. वैमानिक लोव, नॅव्हिगेटर कपूर. विमान तीसेक हजार फुटांवर आहे, सीमा जवळ आली आहे, फाजिल्का समोर. पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर विमानात रडार आहे. त्यात बसलेले स्क्वाड्रन लीडर जमाल ए. खान अंधारात मागून येतात आणि साइडवाइंडर क्षेपणास्त्र सोडतात.

विमानाच्या पुढच्या टोकात मी तुम्हाला नेणार नाही. ती जागा कपूर यांची आहे. तिथले शेवटचे क्षण रचून सांगणं म्हणजे त्यांचं मरण उसनं घेणं होईल. घडलं ते थोडक्यात असं: लोव इजेक्शन सीटवरून बाहेर फेकले गेले, पाकिस्तानात उतरले, युद्धकैदी झाले आणि पुढे मायदेशी परतले. कपूर विमानाबरोबर गेले.

१९५९ च्या विमानाशी हे ताडून पाहा. बनावट एकच, इंजिनं त्याच घराण्यातली, देश तेच, आभाळ तेच. तेव्हा दोन खुर्च्या होत्या, दोघे परतले. या वेळी एकच खुर्ची होती, एकच परतला. शौर्यात काहीच उणं नव्हतं. तक्त्यात दोन्ही घटना एकेका ओळीत येतात: 'कॅनबेरा, १'. आजीचा प्रश्न विचारला की या दोन ओळी वेगळ्या होतात.

डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२

सहा वर्षं पुढे या. आता खानदेशात ट्रान्झिस्टर घरोघर नसले तरी गल्लोगल्ली आहेत. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध सुरू होतं. पुण्याची, आग्र्याची कॅनबेरा पुन्हा रात्रीच्या कामाला लागतात. पहिल्याच काही रात्रींत एक कॅनबेरा परत येत नाही. त्यात फ्लाइट लेफ्टनंट ससून आणि फ्लाइट लेफ्टनंट अडवाणी आहेत. दोघांचीही नावं बेपत्तांच्या यादीत जातात.

इथे आपल्या हिशेबात एक नवा, अवघड रकाना उघडतो. आतापर्यंत आपण खुर्ची पाहिली. खुर्ची असलेल्या दोन मराठी माणसांच्या मागे आता चला.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ ला सुखोई-७ हे लढाऊ-बॉम्बफेकी विमान घेऊन शोरकोट रोडच्या तळावर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. त्या दिवसांत ढाक्याच्या एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली. त्यात तांबे यांच्याशी जुळणारं नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर १० डिसेंबरला पाडले गेले. तेही सुखोई-७ मध्येच होते. ते उडी मारून जिवंत उतरले आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत पोचले. ऑगस्ट १९७२ मधली एक वादळी रात्र. पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडतात. तुम्ही त्यांच्या मागोमाग चला. बसने पेशावर, मग खैबरचा रस्ता, अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर. त्यांच्या नकाशात लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन आहे, मार्गावरचं शेवटचं. लंडी कोतलला ते लंडी खान्याची वाट विचारतात आणि तिथेच संशय येतो, कारण ते स्टेशन बंद पडून चाळीस वर्षं झालेली असतात. तिघेही पकडले जातात. भुसावळच्या कुठल्याही रेल्वेवाल्याला हे ऐकताना चुटपुट लागेल. एवढं धाडस, आणि घात केला तो एका जुन्या टाइमटेबलातल्या स्टेशनाने.

तरी पारुळकर परत आले. सिमला करारानंतर, १ डिसेंबर १९७२ रोजी, सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघा सीमेवरून चालत घरी आले. त्यांत ते होते. भारताने पाकिस्तानचे नव्वद हजारांहून अधिक कैदी परत पाठवले.

वाघ्याच्या त्या गर्दीत तुम्ही उभे राहा. एकेक जण दारातून येतो आहे, हार, ढोल, अश्रू. शेवटचा माणूस येऊन जातो आणि दार बंद होतं. तांबे आलेले नाहीत. ससून आणि अडवाणी आलेले नाहीत. बेपत्ता सैनिकांची जी यादी पुढे 'हरवलेले ५४' म्हणून देशाला माहीत झाली, त्यातली घरं तेव्हापासून वाट पाहत राहिली. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. जून २००७ मध्ये नातेवाइकांचं आणखी एक पथक पाकिस्तानातल्या अनेक तुरुंगांत गेलं. कुणीच सापडलं नाही. आपल्याकडे १९७१ चा एकही भारतीय कैदी नाही, असं पाकिस्तान सांगत आलं आहे.

खुर्ची नसलेल्या कपूर यांचं काय झालं हे त्यांच्या घराला निदान कळलं. ज्याला खुर्ची होती आणि तरी जो आला नाही, त्याच्या घराला तेही मिळालं नाही. श्राद्ध करायचं की कुंकू लावायचं, हा प्रश्न त्या बायकांपुढे वर्षानुवर्षं उभा राहिला. पितृपक्षात तुम्ही खानदेशातल्या घरात वाढलेलं पान पाहून आला आहात. पान वाढायलाही आधी खात्री लागते.

आज, अमळनेर

११ मे २००७ रोजी आग्र्याला शेवटची कॅनबेरा निवृत्त झाली. पन्नास वर्षं ती आपल्या आभाळात उडत होती. अमळनेरवरून जाणाऱ्या त्या रेघेवर आता दुसरी विमानं जातात. त्यांच्यात बसणाऱ्या प्रत्येक हवाई योद्ध्याच्या खाली बाहेर फेकणारी खुर्ची असावी, हा आज कुठल्याही लढाऊ विमानाचा पहिला नियम आहे. त्या नियमामागे रामपाल यांचं परत येणं आहे, कपूर यांचं न येणं आहे, आणि लँकेस्टरच्या २२ इंचांत अडकलेले हजारो विशी-बाविशीतले तरुण आहेत.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट म्हणायची आहे. युद्धात किती विमानं गेली हा सरकारचा हिशेब आहे आणि तो सरकारने ठेवावा. आत कोण होतं, तो कुठे बसला होता आणि त्याच्या मागे काय झालं, हा आपल्या सगळ्यांचा हिशेब आहे. तो ठेवण्यात आपण कमी पडलो. वैमानिकाचं नाव आपल्याला निदान कधीतरी ऐकू येतं. नॅव्हिगेटरचं, तोफचीचं, रात्रभर जागून बॉम्ब चढवणाऱ्या जमिनीवरच्या माणसाचं नाव त्याच्या गावातही कुणाला माहीत नसतं.

जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. तुमच्या तालुक्यात हवाई दलातून निवृत्त झालेले कोणी काका, आजोबा असतील, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जा. १९६५ आणि १९७१ मध्ये ते कुठे होते ते विचारा. बरोबरच्यांपैकी कोण परत आलं नाही ते विचारा, आणि नाव, गाव, काम असं सगळं लिहून घ्या. मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवा. शाळेतल्या मुलांना बरोबर न्या. सशस्त्र सेना ध्वजदिन ७ डिसेंबरला येतो. त्या दिवशी झेंडा लावून पैसे टाकले की काम संपलं असं न समजता, गोळा केलेलं एक नाव सगळ्या वर्गापुढे मोठ्याने वाचा.

आणि यापुढे कुठल्याही युद्धाच्या बातमीत 'इतकी विमानं पाडली' असा आकडा ऐकाल, मग ती विमानं आपली असोत की समोरच्याची, तेव्हा त्या आकड्यावर थांबू नका. आत माणसं किती होती आणि त्यांचं काय झालं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.